सुमिनाचं कागदावरचं नाव

साल्टपाँड
४ मार्च १९९८

प्रिय स्कोला,

तू पाठवलेलं शियाच्या बियांचं लोणी पोचलं. सुमिनाच्या गुडघ्यांना रोज चोळते. उत्तरेचा कोरडा वारा यंदा फार लांबला आणि तोवर तिच्या हाडांचं दुखणं काही थांबलं नाही. जानेवारीत तर छातीत भरलं आणि आम्हाला इस्पितळात राहावं लागलं. रक्ताचा तो आजार जन्मापासूनचा, आपल्याला नवीन नाही, पण या वेळी डॉक्टर मला व्हरांड्यात घेऊन गेला. म्हणाला, "टीचर, पुन्हा असं छातीत भरलं तर माझ्या हातात फारसं काही राहणार नाही. हिची आई परदेशात आहे ना? मग तिकडे पाठवा."

एकुआ तिकडे धडपडतेच आहे. म्हाताऱ्या माणसांची उठबस करून दमून येते आणि मग अर्ज लिहीत बसते. तिथल्या एका मोठ्या इस्पितळानं नातीला तपासायचं कबूल केलं आहे. पासपोर्टही झाला. त्यावर नाव मात्र ग्लोरिया.

तुला आठवतं ना, एकुआची आधीची दोन बाळं गेली आणि मग ही झाली. आठव्या दिवशी अराबामावशीनं तिला उचललं, घरामागच्या कचऱ्यावर क्षणभर ठेवलं आणि नाव ठेवलं सुमिना. उकिरडा. मरणाला किळस यावी आणि त्यानं पुढच्या घरी जावं म्हणून. नऊ वर्षं झाली, पोरगी टिकली. एकुआ म्हणते, "आई, तिथल्या डॉक्टरांना सांगू का, की माझ्या मुलीचं नाव उकिरडा आहे?" मी म्हटलं, मुलगी तुझी, तू ठरव. सुमिनाला सांगितलं तर ती हसली. प्रवासाला नवा फ्रॉक असतो तसं तिला वाटलं.

आता मुद्द्याचं. धरणात पाणी नाही म्हणून वीज एक दिवस असते, एक दिवस नसते, आणि असते तेव्हाही लाजत येते. व्हिडिओ बंद. 'धुक्याचा मेंढपाळ'ची कॅसेट एकुआनं तीन वर्षांपूर्वी पाठवली होती, ती सुमिनानं झिजेपर्यंत पाहिली आहे. दुखत असलं की तेच लावायचं. आता काळ्या पडद्यासमोर बसून ती स्वतःशीच संवाद म्हणते, मेंढ्यांच्या घंटांसकट. मला बघवत नाही. म्हणून तिला सांगून बसले, की अगं, ते मुळात पुस्तक आहे, मी ते शाळेत असताना वाचलंय. आता रोज विचारते, कुठाय पुस्तक.

तुझ्याकडे तुझी बक्षिसाची प्रत असेल. पाठव ना.

तुझी
फिलोमिना

*

तमाले
२२ मार्च १९९८

प्रिय फिलो,

पुस्तक अक्र्याच्या बसच्या ड्रायव्हरकडे देते आहे. तो माझा जुना विद्यार्थी, प्यायला नाही तर विश्वासाचा.

पण तू ते वाचलं होतंस, हे नातीला सांगताना जीभ अडखळली नाही का तुझी? तू चित्रं पाहिली होतीस. गोष्ट मी तुला अर्धीमुर्धी सांगितली होती, शाळेच्या इस्त्रीच्या खोलीत, मदर इमेल्दाचे झगे चुरगळत. ते पुस्तक शाळेत आलंच कसं हे तरी आठवतंय का? मेंढपाळ म्हणजे येशूच असणार असं समजून मदरनं ते मागवलं होतं. निम्मं वाचल्यावर कपाटात टाकून कुलूप लावलं, आणि वर्षाअखेरीला बक्षिसाला काही उरलं नाही तेव्हा माझ्या गळ्यात मारलं.

मी तो सिनेमा एकदाच पाहिला, मिशनच्या सभागृहात. अर्धं पुस्तक त्यात नाहीच. मॅबेलच्या आईनं दारात उभं राहून तिच्या भावाला, लायोनेलला, हाक मारली, ते प्रकरण त्यांनी पार उडवलं आहे. तुला आता कळेल.

एक ऐक. सोळाव्या प्रकरणापर्यंत वाच. त्यानंतर एकच प्रकरण आहे, ते सोड. शेवट सिनेमातला सांग. मॅबेल भावाच्या गळ्यातली घंटा कापते, तो जागा होतो, सगळ्या मेंढ्यांची पुन्हा मुलं होतात आणि दोघं घरी येऊन गरम केक खातात. चांगला शेवट आहे.

सुमिनाला माझा पापा. शेंगदाणेही पाठवले आहेत, ते अराबामावशीनं एकटीनं संपवू नयेत.

तुझी
स्कोलास्टिका

*

साल्टपाँड
२० एप्रिल १९९८

प्रिय स्कोला,

पुस्तक आलं. ड्रायव्हर शुद्धीत होता. शेंगदाण्यांबद्दल न विचारलेलं बरं.

दुपारी कडुनिंबाखाली चटई टाकून आम्ही वाचतो. मी इंग्रजी वाचायचं आणि फांटी भाषेत सांगायचं. मला वाटलं होतं पोरगी कंटाळेल. ती तर पोलिसासारखी बसते.

"आजी, सिनेमात आई हाक मारतच नाही. तो कोकरामागे पळत जातो."

"पुस्तकात असं आहे."

"मग खरं कोणतं?"

"पुस्तक आधीचं."

"म्हणजे सिनेमावाले खोटं बोलले."

"खोटं नाही गं. त्यांनी गाळलं."

"मी उत्तरात गाळलं तर तू शून्य देतेस."

खरं सांगू, स्कोला, मला या वयात ते पुस्तक पहिल्यांदा भेटलं. सिनेमा इतका डोक्यात बसलाय, की मी पान उलटायच्या आधीच काय होणार ते ठरवून टाकते आणि तसं होत नाही. सिनेमातला मेंढपाळ काळा झगा घालून गडगडाटी हसतो. पुस्तकातला थकलेला आहे. त्याला नावं आवडतात, एवढंच. संध्याकाळी दाराशी उभं राहून आया मुलांना हाका मारतात, तो डोंगरावर बसून ऐकतो, आणि एखादं नाव कानाला गोड लागलं की ते घेऊन जातो. नावामागून मूल जातं. मॅबेलची आई तर गात गात हाक मारायची. लायोनेल.

सुमिनानं पानावर बोट फिरवून ते नाव शोधलं. मग म्हणाली, "नाव चांगलं होतं म्हणून त्याला नेलं?"

"त्याला ते आवडलं म्हणून."

"माझं नाव कोणाला आवडेल?"

"मला आवडतं."

"तू मेंढपाळ नाहीस."

अराबामावशी तिथेच मासे साफ करत होती. तिला इतका आनंद झाला की सुरी खाली ठेवली. म्हणाली, "पाद्री आम्हाला रानटी म्हणायचे. बघ आता, त्यांच्याच पुस्तकात निघालं. सांगा एकुआला." मी म्हटलं, मावशी, ही कल्पनेची गोष्ट आहे. "हो का? मग तुझी नात कोणत्या कल्पनेनं जगली?" एवढ्या वर्षांच्या शिकवणीनंतर मला यावर उत्तर यायला हवं होतं.

आणि तू गं? ज्या मुलीनं सिनेमा पाहून येणाऱ्यांशी आठवडाभर अबोला धरला असता, ती मला सांगते सिनेमाचा शेवट सांग म्हणून. टीव्ही घेतलास की काय? की म्हातारपणी मऊ झालीस? पण तुझं ऐकते आहे. सोळावं संपलं की थांबेन. शेवटचं प्रकरण मीही उघडलेलं नाही, तू सांगितलंस म्हणून.

१४ मेला अक्र्याला मुलाखत आहे. व्हिसा हातात पडला की मी मोकळी. प्रार्थना कर.

तुझी
फिलोमिना

*

तमाले
६ मे १९९८

प्रिय फिलो,

तुझं पत्र आज मिळालं, म्हणून घाईनं लिहिते आहे. मुलाखतीच्या आधी पोचावं.

नावाच्या त्या प्रकरणापाशी जप. सुमिनाला जवळ घेऊन सांग, की पुस्तकातली नावं पुस्तकात, आणि पासपोर्टवरचं नाव हे फक्त कागदाचं. हसण्यावारी नेऊ नकोस. मुलं गप्प बसली की आपल्याला वाटतं विसरली.

मी टीव्ही घेतलेला नाही. मऊ झाले असं वाटत असेल तर वाटू दे.

तुझी
स्कोलास्टिका

*

साल्टपाँड
२७ मे १९९८

प्रिय स्कोला,

आम्ही अक्र्याहून परतलो त्या दिवशी तुझं पत्र आलेलं होतं. अराबामावशीनं ते चुलीवरच्या फळीवर ठेवलं होतं. मी ते उभ्याउभ्या वाचलं आणि तिथेच बसले.

व्हिसा नाकारला.

पहाटेच्या गाडीनं गेलो. सुमिनाला निळा फ्रॉक, पांढरे मोजे. रांगेत तिनं आंबवलेल्या मक्याची केंकी आणि तळलेला मासा खाल्ला, सांडलं नाही. सगळं ठीक होतं. मग आत बोलावलं. काचेमागे एक तरुण बाई, चेहऱ्यानं वाईट नव्हती. शेजारी आपलाच एक कारकून, दुभाष्या म्हणून. बाई हसून म्हणाली, "गुड मॉर्निंग, ग्लोरिया."

सुमिना भिंतीकडे बघत राहिली.

"तू ग्लोरिया ना?"

ही गप्प. मी कोपरानं ढोसलं. कारकून फांटीत म्हणाला, "बाळ, मॅडम तुला हाक मारतायत. ओ दे."

ती म्हणाली, "ग्लोरिया इथे नाही."

मी मध्ये बोलायला गेले तर बाईनं हात वर केला, मुलीलाच बोलू द्या म्हणाली. "मग तू कोण?" सुमिनानं ओठ मिटून घेतले. दुसरं नावही सांगेना. डोळे गच्च मिटून घेतले. तिथे, काचेसमोर, इतक्या माणसांत, ती लपली होती गं. मला ते समजलं आणि तिथे बसलेल्या कोणालाच समजलं नाही.

मग बाईनं मला विचारलं, "घरी हिला काय म्हणता?"

मी सुमिना म्हटलं. कारकून दचकला आणि मग मान खाली घालून हसू आवरायला लागला. बाईनं विचारलं, याचा अर्थ काय? कारकून म्हणाला, हे आजींनीच सांगावं. आणि मी, मदर इमेल्दाच्या हाताखाली शिकलेलं माझं स्वच्छ इंग्रजी घेऊन, त्या मुलीसमोर सांगितलं, की कचऱ्याचा ढीग.

बाईनं लेखणी खाली ठेवली. "तुम्ही या मुलीला कचरा म्हणता?"

मी समजावलं. आधीची दोन बाळं, मरणाला किळस, आमच्याकडे असं करतात. बोलताना माझं मलाच ऐकू येत होतं, किती वेड्यासारखं वाटतंय ते. कागदावर एक मूल, समोर दुसरंच. हाकेला ओ न देणारं, आजीच्या हाती घाबरलेलं, आणि घरात कचरा म्हणून ओळखलं जाणारं. तिच्या जागी मी असते तरी म्हटलं असतं, हे मूल कोणाचं उचलून आणलंय? ही तीच मुलगी आहे याची खात्री पटत नाही, असा शेरा मारून कागद परत दिले.

टेलिफोनच्या दुकानातून एकुआला सांगितलं. आधी ती ओरडली. "आई, एक नाव. एवढं एक नाव तुला पाठ करून घेता आलं नाही? शंभर पोरांना पाढे शिकवलेस ना?" मग म्हणाली, "कसली पुस्तकं वाचून दाखवतेस तिला?" आणि मग नुसती रडत राहिली. दुकानदार भिंतीवरच्या मीटरकडे बघत होता आणि मला फोन ठेवता येईना.

परतताना गाडीत सुमिनानं माझ्या मांडीवर डोकं ठेवलं. म्हणाली, "आजी, त्यानं ऐकलं नाही ना?"

त्याच रात्री मी शेवटचं प्रकरण वाचलं. आता कळलं तू का सोडायला सांगितलंस. मॅबेल धुक्यात शिरते, भाऊ तिला मेंढ्यांमध्ये दिसतो, अगदी हाताच्या अंतरावर. पण तिला बजावलेलं असतं, धुक्यात कोणाचं नाव घेऊ नकोस, मेंढपाळ जवळच असतो. ती नाव घेत नाही. नुसती त्याच्याशेजारून चालत राहते, उजाडेपर्यंत. तो वळून बघत नाही. धुकं उठतं तेव्हा डोंगरावर ती एकटी असते. संपलं.

आता सुमिना रोज विचारते, शेवट कधी वाचायचा. मी म्हणते उद्या. सिनेमातला शेवट सांगायला तोंड उघडलं तर म्हणाली, "तो मला माहितीय. पुस्तकातला सांग."

स्कोला, तू तुझ्या लेकाला, सिल्वेस्टरला, हे पुस्तक वाचून दाखवलं होतंस, हे मला माहीत आहे. इतकी वर्षं मी तुला त्याच्याबद्दल विचारलं नाही. आज विचारते. शेवटाचं तू काय केलं होतंस?

फिलोमिना

*

तमाले
१९ जून १९९८

प्रिय फिलो,

तीन वेळा पत्र लिहायला बसले. हे चौथं.

सिल्वेस्टरला गोवर झाला तेव्हा तो सहा वर्षांचा होता. खोली अंधारी ठेवायची म्हणून मी दाराच्या फटीशी बसून वाचायचे. शेवटचं प्रकरण आलं आणि माझ्यानं वाचवेना. मी मनानंच रचून सांगितलं. भाऊ वळला, बहिणीला बघून हसला, दोघं हात धरून घरी आले. चांगलं रचलं होतं. सिनेमावाल्यांनीही पुढे तेच रचलं, म्हणून मला त्यांचा राग धरता येत नाही.

मी थांबले तेव्हा तो म्हणाला, "आई, तू पान उलटलंच नाहीस."

मी काही बोलायच्या आत तोच म्हणाला, "असू दे. छान आहे." त्यानं मला समजून घेतलं, फिलो. सहा वर्षांच्या पोरानं. दोन दिवसांनी तो गेला. काय वाचलं असतं तर बरं झालं असतं, हे मला आजही सांगता येणार नाही.

म्हणून मला विचारू नकोस. मला ठाऊक असतं तर मी हे पत्र पहिल्याच खेपेला लिहिलं असतं.

एकुआच्या बोलण्याचं मनाला लावून घेऊ नकोस. लांब असलेल्या माणसाला ओरडण्याखेरीज करण्यासारखं काही नसतं.

तुझी
स्कोला

*

साल्टपाँड
६ सप्टेंबर १९९८

प्रिय स्कोला,

उत्तराला उशीर झाला. जुलै सगळा इस्पितळात गेला. या वेळी पाय आणि पाठ, छाती नाही, देवाची दया. ती ओरडायची तेव्हा मी तिचा पाय धरून बसायचे. दुसरं काही करता येत नाही. गोळी दिली की नर्स घड्याळाकडे बघते, मी नर्सकडे बघते.

बरं वाटायला लागलं त्या दिवशी ती म्हणाली, "आजी, आज उद्या आहे." म्हणजे मी रोज ज्या उद्यावर ढकलत होते तो. पुस्तक उशाशीच होतं. तुझं पत्र माझ्या पिशवीत होतं. मी वाचलं. प्रत्येक पान उलटलं, तिला दिसेल असं. काही गाळलं नाही.

मला वाटलं रडेल. ती चिडली.

"ती हाक का मारत नाही?"

"तिला सांगितलं होतं ना, मेंढपाळ ऐकेल म्हणून."

"पण त्याला तर आधीच नेलंय. आता ऐकून तो आणखी काय करणार होता?"

तू, मी, आणि तो सिनेमा बनवणारे सगळे शहाणे लोक त्या शेवटावरून रडलो किंवा पळालो. हे कोणी विचारलं नव्हतं.

"ती घाबरली," सुमिना म्हणाली. "हाक मारली असती तर त्यानं ओ दिली असती. तो काय बहिरा होता?" मग ती कुशीवर वळली. पलीकडच्या खाटेवरची बाई आपल्या लेकराला भात भरवत होती, तिकडे बघत म्हणाली, "मम्मीनं त्या काचेवाल्या बाईकडून मला हाक मारली होती ना?"

मी म्हटलं, "हो. एका परीनं."

"आणि मी ओ दिली नाही."

मी तिला सांगितलं, त्यात तुझी चूक नाही. तिनं ऐकलंही नाही. शेवट आधीच वाचला असता तर, स्कोला, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही. तुला बोल लावत नाही. मीही तो वाचायला घाबरले होते, तुझं सांगणं मला सोयीचं पडलं.

एकुआनं नवा अर्ज भरला आहे. या वेळी इथल्या डॉक्टरचं पत्र, बाप्तिस्म्याचा दाखला, दोघींचे जुने फोटो, सगळं जोडलं आहे. जानेवारीच्या आधी बोलावणार नाहीत असं कळलं. कोरडा वारा डिसेंबरात सुरू होतो. डॉक्टरला हे सांगितलं तर त्यानं कॅलेंडरकडे पाहिलं.

गेल्या आठवड्यात एका सकाळी सुमिना अंगणाच्या टोकाला, पाण्याच्या पिंपापाशी जाऊन उभी राहिली. म्हणाली, "आजी, तू तिथूनच मला हाक मार. त्या नावानं. मी ओ द्यायची सवय करते."

अराबामावशीनं डोक्यावरून कापड घेतलं आणि मागच्या दारानं निघून गेली. आता रोज जाते. जेवायलाही आमच्यात बसत नाही. मला म्हणाली, "नऊ वर्षं मी तिला लपवून ठेवली, आणि तू वेशीवर उभी राहून पुकारतेस." मी तिला काय सांगू? माझा यावर विश्वास नाही असं मी आयुष्यभर सांगत आले. मग माझा आवाज का निघत नाही?

"अगं, दुखतंय का? बस खाली," मी म्हटलं.

"विषय बदलू नकोस. मार हाक."

मी म्हटलं, ग्लोरिया.

ती ओ देईना. कमरेवर हात ठेवून उभी, गुडघे अजून सुजलेले.

"असं नाही, आजी. तू तोंडातल्या तोंडात म्हणतेस. मोठ्यानं म्हण. त्या बाईला काचेमागून ऐकू यायला हवं."

मी पुन्हा म्हटलं.

"अजून मोठ्यानं."

तुझी
फिलोमिना